पुरात घर फुटलं. कडक शिक्षेच्या ठरावावर सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: नदीकाठच्या गावातले हे शेतकरी वाचक. पंधरवड्यापूर्वी पूर आला, प्रशासनाने रात्रीतून गाव रिकामं केलं आणि हे कुटुंब सहा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवारा केंद्रात राहिलं. पाणी ओसरल्यावर घरी आले तर दाराचा कडी-कोयंडा उचकटलेला. नदीवरून काढून पडवीत आणून ठेवलेली पाच अश्वशक्तीची मोटर, तांब्या-पितळेची भांडी, भरलेला सिलिंडर, शिलाई मशीन आणि कपाटातली बायकोची बोरमाळ गायब. गल्लीतली आणखी काही घरं अशीच फुटलेली. पोलीस ठाण्यात ‘पुरात सगळ्यांचंच गेलंय’ म्हणत साधा अर्ज ठेवून घेतला. आता गावातल्या तरुणांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहिलाय: आपत्तीग्रस्त भागात चोरी करणाऱ्याला किमान दहा वर्षं कैद व्हावी आणि जामीन मिळू नये, असा कायदा सरकारने करावा. काहींचा संशय गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या लोकांवर आहे आणि ‘सापडला तर हातपाय मोडू’ अशी भाषा सुरू आहे. वाचक विचारतात, ठरावावर सूचक म्हणून सही करू का? आणि त्याने काही होईल का?

नमस्कार दादा,

तुमचा राग रास्त आहे. सरकारी माणसाने ‘निघा’ म्हटलं म्हणून तुम्ही कुलूप लावून निघालात. घर रिकामं होतं ते तुम्ही नियम पाळला म्हणून. अशा चोरीचा मोठा फटका पुढच्या पुरात बसतो. ज्याचं घर एकदा फुटलं, तो पुढच्या वेळी दारात बोट आली तरी निघत नाही, किंवा बायकापोरांना पाठवून स्वतः माळ्यावर बसून राहतो. म्हणून पुरातल्या चोरीला साध्या चोरीपेक्षा गंभीर मानावं, या तुमच्या भावनेशी माझं पूर्ण एकमत आहे.

तरीही ठराव आत्ता लिहिलाय तसाच असेल तर सही करू नका. त्यात बदल सुचवा, मग करा. आणि ग्रामसभेच्या आधी तुमची स्वतःची फिर्याद उभी करा, कारण ते काम दिवसागणिक अवघड होत चाललंय.

ठरावामागे एक समजूत आहे की आजच्या कायद्यात शिक्षा किरकोळ आहे, म्हणून चोरांना भीती नाही. प्रत्यक्ष कलमं बघा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम 303(2) मध्ये येते, तिला तीन वर्षांपर्यंत कैद. पण राहत्या घरातली, किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी कलम 305 मध्ये येते. तिथे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. या कलमात तंबूही येतो, म्हणजे निवाऱ्याच्या तंबूतून कोणी काही उचललं तरी हेच कलम. त्यापुढे, कुलूप किंवा कडी तोडून घरात शिरणं ही घरफोडी. चोरीसाठी दिवसा घरफोडी केली तर कलम 331(3) प्रमाणे दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान केली तर 331(4) प्रमाणे चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 305 आणि 331 ची ही पोटकलमं दखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता पोलीस तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र (म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं) आहेत. ठरावातली दहा वर्षं ‘किमान’ आहेत आणि ही ‘कमाल’ आहे, हा फरक मोठा आहे. त्याकडे पुढे येतो. पण कायद्याच्या पुस्तकात शिक्षा नाही, असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट तरुणांना स्पष्ट सांगा. उद्या असा कायदा झाला तरी तो तुमच्या चोराला लागणार नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती तिच्याहून जास्त शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद 20(1) मध्येच आहे. तुमची मोटर आणि बोरमाळ परत मिळायची असेल तर ती आजच्याच कलमांवर मिळेल.

मग अडतं कुठे? नोंदीत. तुमच्याकडून ‘अर्ज’ घेतला, गुन्हा नोंदवला नाही. हातातला कागद काढून बघा. नुसता आवक शिक्का आणि तारीख असेल तर तो अर्ज. गुन्हा रजिस्टर नंबर, लावलेली कलमं आणि ठाणे अंमलदाराची सही असेल तर ती प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. तिची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलंय.

गुन्हा नोंदवताना कलमांकडे लक्ष द्या, कारण इथेच सगळं फिरतं. घाईत नुसतं 303 लावलं गेलं तर दोन घोटाळे होतात. पाच हजार रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरली जाते. तपास तिथेच थंडावतो. आणि तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा त्या कायद्याच्या, कलम 173(3) प्रमाणे उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. पुरानंतरचे चौदा दिवस म्हणजे सगळा पुरावा धुऊन निघाला. 305 आणि 331 लागले की ही वाट उरत नाही. शिवाय सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी येण्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम 176(3) मध्ये आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. तेव्हा फिर्यादीत ‘सामान गेले’ एवढं लिहू नका. ‘कुलूप लावून बंद केलेल्या राहत्या घराचा कडी-कोयंडा उचकटून आत शिरून चोरी केली’ असं लिहा. रात्री झाली असं मानायला कारण असेल, म्हणजे शेजाऱ्याने रात्री टेम्पोचा आवाज ऐकला, शाळेच्या गच्चीवरून बॅटरीचा उजेड दिसला, तर तेही कोणी, कोणत्या रात्री, सुमारे किती वाजता, या तपशिलासह लिहा.

आता तुमच्या प्रकरणाचा कणा. पोलीस म्हणतात वाहून गेलं, तुम्ही म्हणता चोरीला गेलं. उद्या कोर्टात आरोपीचा वकीलही पोलिसांचंच वाक्य म्हणणार. म्हणून पाण्याचं काम कोणतं आणि माणसाचं कोणतं, हे वस्तूंवरून दाखवावं लागतं. पाणी दार ढकलतं, फुगवतं, चौकट सैल करतं. कोयंड्याचे स्क्रू एका बाजूने उपटून लाकडावर पहारीचा दाब सोडत नाही. उपटलेल्या जागी लाकूड बघा: चीर आतून स्वच्छ, कोरड्या रंगाची असेल तर ती पाणी उतरल्यावर पडलेली, चिरेत गाळ बसला असेल तर आधी. कुलपाच्या कापलेल्या तोंडाचंही तसंच. भिंतीवर गाळाची रेषा कुठपर्यंत आहे ते मोजा. कपाटाचा लॉकर त्या रेषेच्या वर असेल तर त्यातली बोरमाळ पाण्याने नेली असं म्हणताच येत नाही. मोटर तरंगत नाही, ती उचलायला दोन माणसं लागतात. उलट हलकी पातेली, डबे खरंच वाहून जाऊ शकतात. ती चोरीच्या यादीत घालू नका. चार वस्तूंची पक्की यादी चाळीस वस्तूंच्या संशयास्पद यादीपेक्षा कोर्टात जास्त टिकते.

तुम्ही लिहिलंय की घर धुऊन झालं, पण कोयंडा आणि कुलूप ठेवलंय आणि मुलाने आत शिरताना व्हिडिओ काढला होता. उत्तम. कोयंडा पुसू नका, कागदी पिशवीत ठेवा, पंचनाम्यात जप्त करायला सांगा. व्हिडिओ ज्या फोनवर काढला तो फोन सांभाळा. व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेली प्रत मूळ फाइल नसते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. पुढच्या वेळी ज्यांचं घर फुटेल त्यांनी झाडू हातात घेण्याआधी दार, कुलूप, गाळाची रेषा, गाळातली पावलं आणि रिकामी जागा, एवढे फोटो काढावेत. घरात चिखल असताना हे सुचत नाही, म्हणून एकाने हे काम धरून बसावं.

एक सापळा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तलाठी नुकसानीचा पंचनामा करतात तेव्हा लोक सगळं गेलेलं सामान ‘पुरात वाहून गेले’ म्हणून लिहून देतात, आणि तेच सामान पोलिसांकडे ‘चोरीला गेले’ म्हणून. हे दोन सरकारी कागद एकमेकांसमोर आले की तुमची फिर्याद खोटी दिसते. वर मदतीसाठी खोटा दावा करणं हा आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 52 खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि मिळत काहीच नाही, कारण भांडी-कपड्यांची मदत कुटुंबामागे ठरलेली असते, यादी लांबली म्हणून वाढत नाही. तुमचा पंचनामा झाला असेल तर नक्कल काढून वाचा. मोटर किंवा बोरमाळ चुकून त्यात आली असेल तर तहसीलदारांना लेखी दुरुस्ती द्या आणि तिची पोच फिर्यादीला जोडा.

बाकीचे कागद भराभर जमवा. निवारा केंद्राच्या नोंदवहीतली तुमच्या कुटुंबाची नोंद, म्हणजे घर कधीपासून कधीपर्यंत रिकामं होतं त्याचा पुरावा. मोटरीचं बिल आणि पाटीवरचा अनुक्रमांक. बिल नसेल तर दुकानदाराच्या वहीत सापडतो. सिलिंडरसाठी गॅस एजन्सीला लेखी कळवा. बोरमाळेची सराफाची पावती, आणि अलीकडची हॉलमार्क असेल तर तिच्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. जुनी असेल तर लग्नातला फोटो आणि वजन. गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं, वजनकाट्याचं सीसीटीव्ही चित्रण आधी जपायला सांगा. अशा यंत्रांत जुनं चित्रण काही दिवस-आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. तुमचे पंधरा दिवस गेलेच आहेत. पोलिसांना लेखी विनंती करा आणि पंपमालकालाही जाऊन भेटा. मोटर आणि पितळ कुठेतरी विकलं जाणारच, म्हणून भंगार दुकानांची चौकशी व्हावी असंही फिर्यादीत म्हणा. चोरीचा माल घेणारा न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये येतो.

उशीर का झाला याचं कारण फिर्यादीतच असू द्या: रस्ता बंद होता, केंद्रात होतो, अमुक तारखेला आलो तेव्हा अर्ज घेतला. पोलीस ठाण्यात जाणं अवघड असेल तर माहिती ऑनलाइन देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ती राहिली की नोंद होत नाही. तरीही नकार मिळाला तर फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि तिथेही हालचाल झाली नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ही पायरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) आणि 175(3) मध्ये आहे. मधली अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज परत येतो. गुन्हा नोंदला की 90 दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं असतं. तारीख वहीत लिहून ठेवा. गल्लीतल्या बाकी घरांनीही आपापली स्वतंत्र फिर्याद द्यावी. एकाच अर्जावर सगळ्यांच्या सह्या केल्या की कोणाचीच वस्तू नीट नोंदली जात नाही.

आता पालांबद्दल. दादा, याबाबत मी तुम्हाला कळकळीने सांगतो. फिर्यादीत पोलीस ‘संशय कोणावर?’ विचारतील. तुम्ही किंवा शेजाऱ्याने प्रत्यक्ष काही पाहिलं असेल तरच ते सांगा, नाहीतर ‘अज्ञात’ म्हणा. एका वस्तीवर, जमातीवर बोट ठेवू नका. ज्या समाजांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने 1952 साली पुसला, पण गावात चोरी झाली की पहिली नजर अजून तिकडेच जाते. आणि तपासाचं नुकसान होतं ते वेगळंच: पालांच्या झडत्या होत राहतात आणि ज्याच्याकडे टेम्पो, पहार, गिऱ्हाईक आणि कोणाच्या पडवीत मोटर आहे ही माहिती होती तो निवांत राहतो.

जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अफवेवर पाच जीव गेले. आज पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर न्याय संहितेच्या कलम 103(2) प्रमाणे फाशी किंवा जन्मठेप आहे, गंभीर दुखापत केली तर 117(4) प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद. ‘हातपाय मोडू’ म्हणणाऱ्या पोरांना हे आजच सांगा. चोर खरंच डोळ्यांसमोर चोरी करताना सापडला तर त्याला पकडायचा अधिकार नागरिकालाही आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे. पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 112 ला फोन करा, मालाला हात लावू नका, मारहाण करू नका. मार खाल्लेला आरोपी कोर्टात उभा राहिला की खटला त्याच्या जखमांवर चालतो, तुमच्या मोटरीवर नाही.

राहिला प्रश्न कडक शिक्षेचा. तिच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, ते मी वर म्हटलंच. न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना गाव पाण्याखाली असण्याचा गैरफायदा घेतला हे जमेस धरावं, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं तर मला आवडेल. अडचण ‘किमान’ या शब्दाची आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात आपत्तीतल्या लुटीचं वेगळं कलम आहे: पंधरा वर्षांपर्यंत कैद, आणि आणीबाणी जाहीर असेल तर किमान तीन वर्षं. 2005 च्या कॅटरिना वादळात लूट व्हायची ती झालीच. पुढच्या वर्षी तिथे एका किराणा दुकानातून दारू आणि बिअर नेताना पकडलेल्या तिघांना प्रत्येकी पंधरा वर्षं सुनावली गेली. आपल्याकडे दहा वर्षं किमान केली तर तीन दिवस पुरात अडकून बंद दुकानातली बिस्किटं उचलणारा आणि ठरवून टेम्पो लावणारा, दोघांना एकच माप लागेल. न्यायाधीशाला फरक करताच येणार नाही. आणि गुन्हा नोंदलाच गेला नाही तर दहा काय, वीस वर्षंही कागदावरच.

कायदा बदलायची मागणी करायचीच असेल तर एक नेमकी जागा दाखवतो. मदतीचं धान्य, पैसे लाटणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 53 मध्ये फक्त दोन वर्षांपर्यंत कैद आहे, साध्या चोरीपेक्षाही कमी. शिवाय कलम 60 प्रमाणे सामान्य माणसाला तक्रार करायची तर आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेव्हाच कोर्ट दखल घेतं. आपत्तीसाठी म्हणून केलेला कायदाच इथे मऊ आहे. ही शिक्षा वाढवा आणि नोटिशीची अट काढा, असं ग्रामसभेने आमदार-खासदारांना लिहावं. हा कायदा केंद्राचा आहे, म्हणून खासदारांना प्रत जरूर द्या.

आणि ठरावाचा मोठा भाग अशा गोष्टींवर खर्च करा ज्या जिल्हाधिकारी उद्याही करू शकतात. गाव रिकामं करायचा आदेश निघेल त्याच वेळी आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 34 खाली बाहेरच्या माणसांना आणि वाहनांना गावात यायला बंदी करावी. जिल्हा प्राधिकरणाला तो अधिकार आहे. जुलै 2024 मध्ये वायनाडला दरड कोसळल्यावर केरळ पोलिसांनी चुरलमला-मुंडक्कई भागात रात्रीची गस्त लावली आणि परवानगीशिवाय रात्री शिरणाऱ्यांवर कारवाई जाहीर केली, ती याच कारणासाठी. तुमच्या ठरावात लिहा: पाणी असेपर्यंत रात्री दोन पोलीस आणि गावातल्या दोन माणसांची बोटीतून फेरी, पाणी उतरू लागलं की गावाच्या वाटांवर नाकाबंदी, कारण घरं फुटतात ती बहुतेक या मधल्या वेळात, वाट मोकळी झालेली असते आणि माणसं परतलेली नसतात, पोलीस पाटलांकडे रिकाम्या घरांची यादी, दिवसा ठरलेल्या वेळी प्रत्येक घरातल्या एकाला ओळखपत्र दाखवून घर बघून यायची मुभा. ही शेवटची मुभा ठेवा. ती नसली की माणसं चोरून जातात आणि मग पोलिसांना घरमालक आणि चोर यातला फरक कळत नाही. गस्तीच्या तरुणांची नावं आधी पोलीस ठाण्यात द्या, त्यांत पालांवरचीही दोन माणसं घ्या. आणि 1 मेच्या ग्रामसभेत हे सगळं पुन्हा वाचून घ्या, पावसाळ्याआधी नावं-फोन बदललेले असतात.

विम्याचं थोडक्यात, दुकानदार आणि घरविमा असलेल्या वाचकांसाठी: जुन्या पद्धतीच्या आग-पूर पॉलिसीत पुराच्या दरम्यान किंवा नंतर झालेली चोरी वगळलेली असते. भारत गृह रक्षा पॉलिसीत मात्र पुरासारख्या घटनेपासून सात दिवसांच्या आत, त्याच घटनेमुळे झालेली चोरी धरली जाते. सात दिवस चोरीसाठी आहेत, तेव्हा ती कोणत्या तारखेच्या आत झाली हे फिर्यादीत दिसायला हवं.

माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात किंवा कोर्टात जमा होतो आणि खटला संपेपर्यंत तिथेच राहील असं लोक धरून चालतात. तसं नाही. मोटर रब्बीसाठी लागणार आहे, तेव्हा बिल आणि अनुक्रमांक जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर परत मागा. फोटो काढून, बंधपत्र घेऊन वस्तू मालकाला देता येते. मात्र निकाल लागेपर्यंत मोटर विकू नका आणि बोरमाळ मोडून दुसरा दागिना करू नका; कोर्ट ती पुन्हा समोर आणायला सांगू शकतं.